भातखाचरांची छोटी गोधडी: भिंतीवरच्या कापडी चित्रात टाक्यांचे नवे नमुने करून पाहताना

गोधडीवर टाका जिथे पडतो तिथे कापड दबते आणि टाक्यांच्या दोन ओळींमधली जागा फुगून वर येते. या दबलेल्या आणि फुगलेल्या जागांवर उजेड पडला की बारीक सावल्या तयार होतात, आणि आपण ज्याला टाक्यांचा नमुना म्हणतो तो बऱ्याच अंशी या सावल्यांचाच असतो. कागदावर पेन्सिलीने सुरेख उतरलेली नक्षी कापडावर आल्यावर निर्जीव का वाटते, आणि नुसत्या धावदोऱ्याच्या समांतर ओळींनी भरलेली जुनी वाकळ हातात घेताच बोटांना जिवंत का लागते, याचे उत्तर मला अनेक तुकडे शिवल्यावर या एका गोष्टीत सापडले. नवा नमुना शिकायचा असेल तर तो तीन थरांच्या कापडावर, शेजारी दुसरा नमुना ठेवूनच करून पाहावा लागतो.

त्यासाठी पलंगभर गोधडी हाती घेणे जोखमीचे असते, कारण नमुना फसला तर महिन्याभराचे काम उसवावे लागते. सुटे चौकोनी तुकडे शिवून पाहणे सोपे आहे, पण त्यातून अर्धेच शिक्षण मिळते. एखादा नमुना एकटा छान दिसतो आणि दुसऱ्याच्या शेजारी गेला की त्याला झाकून टाकतो किंवा स्वतःच नाहीसा होतो. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे सुमारे १२ इंच रुंद आणि १६ इंच उंच अशी भिंतीवर टांगायची छोटी गोधडी, जिच्यात एकच चित्र असते आणि चित्राच्या प्रत्येक भागात वेगळा टाका भरता येतो. पुढील सर्व कृती मी अशा एका चित्राच्या आधाराने सांगणार आहे: आषाढातली मावळातली भातखाचरे, मागे डोंगर आणि वर पावसाचे आभाळ.

चित्र आणि त्यातल्या जागा

नमुने करून पाहण्यासाठी स्पष्ट हद्दी असलेल्या पाच-सहा जागा ज्यात आहेत असेच चित्र निवडावे. भाताची खाचरे या दृष्टीने फारच सोयीची आहेत, कारण लावणीच्या दिवसांत एकाच उतारावर शेताच्या वेगवेगळ्या अवस्था शेजारी शेजारी दिसतात. एका कोपऱ्यात दाट हिरवी दाढ, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा असतो, एका खाचरात चिखलणी होऊन नुसते पाणी साचलेले असते, तिसऱ्यात आवण, म्हणजे दाढीतून उपटलेली रोपे, लावून झालेले असते आणि या सगळ्यांना वेगळे करणारे बांध मधून वळत जातात. प्रत्येक अवस्थेला शोभणारा टाका शोधणे हाच मग अभ्यास होतो.

खाकी कागदावर चित्र प्रत्यक्ष मापात काढावे. वरचे ४ इंच आभाळाला, त्याखालचे ४ इंच डोंगराला आणि उरलेले ८ इंच खाचरांना दिले की प्रमाण बरे साधते. कोणतीही जागा तळहातापेक्षा लहान ठेवू नये. नमुना निदान तीनदा फिरून आला तरच डोळ्याला तो नमुना म्हणून कळतो, आणि लहान जागेत एक-दोन आवर्तनांतच हद्द येते. प्रत्येक जागेत टाक्यांची दिशा दाखवणारा बाण काढून ठेवावा. शेजारच्या दोन जागांत एकाच दिशेचे टाके आले तर मधली हद्द पुसट होते, हे कागदावरच लक्षात येते.

कापड, भरण आणि दोरा

वरच्या थरासाठी धुऊन मऊ झालेले सुती कापड घ्यावे. जुनी सुती साडी, वापरून सैल झालेली खादी किंवा जुना कुर्ता यांतून सुई सहज जाते. घट्ट विणीच्या चादरीतून किंवा साडीच्या जाड काठातून हाताने बारीक टाका काढणे कठीण जाते, आणि जरीच्या काठात सुई अडकून कापड ओढले जाते. रंग साधे किंवा अगदी बारीक छापाचे असावेत. मोठ्या फुलांच्या छापावर टाका दिसतच नाही, आणि काळ्या किंवा गडद निळ्या कापडावर सावली उमटत नाही. शिकण्यासाठी फिकट आणि मध्यम रंग उत्तम. नवे कापड असेल तर ते आधी धुऊन आटवून घ्यावे, आणि लाल, गडद हिरव्या किंवा निळ्या कापडावर पांढरी ओली चिंधी घासून रंग सुटतो का ते पाहावे.

मागच्या बाजूला धुतलेले मांजरपाट चांगले. चारही बाजूंना २ इंच जास्त धरून ते १६ बाय २० इंचांचे कापावे, आणि भरणही तेवढेच. भरणाची निवड नमुन्यावर सर्वांत जास्त परिणाम करते. जुन्या सुती साडीच्या दोन घड्या घातल्या तर गोधडी सपाट, लवचीक आणि जड पडते, सावल्या बारीक येतात आणि टाक्याचा दोरा उठून दिसतो. पातळ पॉलिफिल घातले तर टाक्यांमधली जागा चांगली फुगते आणि दोऱ्यापेक्षा उठाव डोळ्यात भरतो. फलालीन या दोहोंच्या मध्ये बसते. पिंजलेला सुटा कापूस या कामासाठी घेऊ नये, कारण टाके जवळजवळ नसले की तो गोळा होतो. तयार भरण घेतले तर टाक्यांच्या ओळींत जास्तीत जास्त किती अंतर चालेल हे त्याच्या वेष्टनावर बहुधा दिलेले असते. ते वाचून ठेवावे, कारण पुढे दाटपणा ठरवताना ते लागते.

हातशिलाईसाठी भरतकामाचा अँकरसारखा सहा पदरी दोरा घेऊन त्यातले दोन किंवा तीन पदर वापरावेत, आणि ७ किंवा ८ नंबरची सुई घ्यावी. दाभण इथे लागत नाही. त्याची भोके बारीक कापडावर राहतात. दोरा एक हात, म्हणजे साधारण १८ इंच, यापेक्षा लांब घेऊ नये. लांब दोरा वेळ वाचवतो असे वाटते, पण तो प्रत्येक टाक्याला कापडातून घासला जातो, पिसतो आणि गुंता होतो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला की गुंता बराच कमी होतो.

खुणेसाठी अंगाच्या साबणाची झिजून पातळ झालेली चिप माझ्या मते सर्वांत विश्वासाची आहे. शिंपी ती पिढ्यानपिढ्या वापरत आले आहेत; तिची रेघ गडद आणि मध्यम रंगांवर स्पष्ट दिसते आणि पाण्याने पूर्ण जाते. फिकट कापडावर रंगीत खडू वापरावा. पाण्याने जाणाऱ्या पेनाची खूण धुण्याआधी इस्त्रीखाली आली तर कायमची बसू शकते, आणि उष्णतेने जाणाऱ्या पेनाची खूण थंडीत पुन्हा उमटू शकते. असली पेने वापरायचीच तर आधी चिंधीवर परीक्षा घ्यावी.

याच तीन थरांचा ८ इंचांचा एक चौकोन बाजूला तयार ठेवावा. त्यावर एक, दोन आणि तीन पदरी दोऱ्याने धावदोऱ्याची एकेक ओळ घालून पाहिली की दोऱ्याची जाडी, रंग आणि टाक्याची लांबी दहा मिनिटांत ठरते.

थर जुळवणे

वरचा थर शिवण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. कागदावरच्या जागांनुसार कापड पाव इंच जास्त ठेवून कापावे, कडा आत दुमडून ठिगळासारखे मुख्य कापडावर ठेवावे आणि बारीक तुरपाईने बसवावे. बांधांसाठी पाऊण इंच रुंदीच्या मातकट पट्ट्या तिरप्या कापाव्यात, म्हणजे त्या वळणावर सुरकुतत नाहीत.

थर जुळवताना मात्र घाई करू नये, कारण पुढच्या अर्ध्याअधिक चुका इथेच पेरल्या जातात. मांजरपाट टेबलावर उलटी बाजू वर करून पसरावे आणि चारही कडा चिकटपट्टीने टेबलाला लावाव्यात. कापड ताठ असावे, पण ताणलेले नसावे, नाहीतर पट्ट्या काढल्यावर ते आक्रसते आणि मागे चुण्या पडतात. त्यावर भरण, त्यावर चित्र ठेवून तळहाताने मधून बाहेर सपाट करावे. मग मध्यापासून कडांकडे, ३-३ इंच अंतराने, उभी आणि आडवी कच्ची टीप घालावी. कच्च्या टिपेसाठी चित्रात कुठेही नसलेल्या रंगाचा दोरा घ्यावा, म्हणजे शेवटी तो काढताना खरा टाका चुकून कापला जात नाही.

शिवण्याआधी नमुना कापडावर पाहणे

शाळेच्या पुस्तकांना घालतात ते पारदर्शक प्लास्टिक इथे फार उपयोगी पडते. चित्रापेक्षा मोठा तुकडा कापून त्याच्या चारही कडांना रंगीत चिकटपट्टी लावावी, म्हणजे काढता काढता पेन कडेवरून घसरून कापडावर जाणार नाही. हे प्लास्टिक गोधडीवर ठेवून त्यावर पुसता येणाऱ्या मार्करने एखाद्या खाचरात नमुना काढावा, थोडे लांब जाऊन पाहावे, पुसावे, दुसरा काढावा. अंतर पाव इंच ठेवावे की अर्धा, कमानी वर तोंड करून चांगल्या दिसतात की आडव्या, हे दहा-बारा वेळा काढून पुसल्यावर हाताला आपोआप कळू लागते. प्लास्टिकवर पसंत पडलेले काही नमुने तरीही प्रत्यक्षात टाकाऊ निघतात, बहुधा उठावाचा अंदाज चुकल्यामुळे.

गाठ आणि धावदोरा

नमुना कोणताही असला तरी दोन क्रिया हातात बसल्या पाहिजेत. पहिली म्हणजे गाठ आत घेणे. दोऱ्याच्या टोकाला लहान गाठ मारावी. जिथून टाका सुरू करायचा तिथून अर्धा इंच लांब सुई फक्त वरच्या कापडातून आणि भरणातून घालावी, मांजरपाटाला न लागता सरकवून सुरुवातीच्या बिंदूवर बाहेर काढावी आणि दोरा हलकेच ओढत जावे. गाठ कापडावर येऊन अडते. तेव्हा अंगठ्याच्या नखाने कापड किंचित धरून एक छोटा झटका द्यावा. बारीक ‘टक्’ असा आवाज होऊन गाठ विणीतून आत शिरते आणि भरणात अडकून बसते. वर राहिलेले सूक्ष्म भोक नखाने घासले की धागे पुन्हा जवळ येतात. झटका जास्त जोराचा झाला तर गाठ सुरुवातीच्या बिंदूतून बाहेर निघते आणि कमी झाला तर आत जात नाही. चार-पाचदा केल्यावर हाताला बरोबर जोर कळतो. शेवटीही कापडाला लागून गाठ मारून तशीच आत ओढावी आणि दोऱ्याचे टोक इंचभर भरणात फिरवून कापावे.

दुसरी क्रिया धावदोऱ्याची. डावा हात गोधडीखाली ठेवावा. सुई उभी खुपसावी, खालच्या मधल्या बोटाला तिचे टोक जेमतेम टोचले की मागचा भाग आडवा करून टोक वर काढावे, आणि असे तीन-चार टाके सुईवर घेऊन मगच दोरा ओढावा. उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान असल्याशिवाय हे फार वेळ करता येत नाही. टाके किती बारीक आहेत यापेक्षा ते सारखे आहेत का याकडे लक्ष द्यावे; इंचाला पाच सारखे टाके इंचाला नऊ वेड्यावाकड्या टाक्यांपेक्षा किती तरी चांगले दिसतात.

आता खाचरे भरू या

सुरुवात चित्राच्या मध्याजवळच्या खाचरापासून करावी आणि त्याआधी सर्व बांधांच्या दोन्ही कडांना लागून एकेक ओळ धावदोरा घालावा. या ओळींनी तिन्ही थर एकमेकांत अडकतात, आणि नंतर एखाद्या खाचरात कितीही टाके पडले तरी कापड शेजारी सरकत नाही. बांधांवर टाका घालायचाच नाही. दोन्ही बाजूंची खाचरे दबली की मधला न शिवलेला पाऊण इंच आपोआप वर येतो आणि बांध खरोखरच उचललेल्या मातीसारखा दिसू लागतो. या चित्रातला हा मला सर्वांत आवडणारा भाग आहे; तिथे काहीही न करता नमुना तयार होतो.

लावणी झालेल्या खाचरासाठी धावदोऱ्याच्या समांतर ओळी घ्याव्यात, पाव इंच अंतराने. इथे एक प्रयोग अवश्य करावा: खाचराच्या अर्ध्या भागात प्रत्येक ओळीचा टाका वरच्या ओळीतल्या टाक्याच्या बरोबर खाली घ्यावा, आणि उरलेल्या अर्ध्या भागात विटांच्या बांधकामासारखा, म्हणजे वरच्या दोन टाक्यांच्या मधल्या फटीखाली. पहिल्या भागात टाक्यांचे रकाने जुळून कापडाला बारीक नळ्यांसारखे उभे पन्हाळे पडतात. दुसऱ्या भागात तेच कापड शांत, दाणेदार होते. टाका तोच, दोरा तोच, अंतर तेच, आणि तरीही दोन वेगळी कापडे वाटतात. बंगालच्या कांथेचे लहरीदार अंग याच साध्या धावदोऱ्याच्या दाट ओळींतून येते.

पाण्याने भरलेल्या खाचरासाठी साशिको या जपानी धावदोऱ्याच्या भरतकामातला ‘सेइगाइहा’ हा लाटांचा नमुना घेता येतो. लाटा म्हणजे माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक रचलेल्या कमानी. सुमारे २ इंच व्यासाच्या छोट्या वाटीचा गोल पुठ्ठ्यावर काढून तो अर्धा कापावा. खालच्या काठावर एकमेकींना टेकलेल्या पूर्ण कमानी आखाव्यात. त्यावरची ओळ अर्धा इंच वर आणि अर्ध्या कमानीइतकी बाजूला सरकवून, खालच्या कमानींनी न झाकलेला भागच आखावा. प्रत्येक कमानीत आणखी दोन लहान कमानी आल्या की लाट पूर्ण होते. दोरा सर्व बाहेरच्या कमानींवरून सलग न्यावा, आणि आतल्या कमानींकडे जाताना सुई भरणातून सरकवावी. वळणाच्या टोकाशी दोरा मागच्या बाजूला किंचित सैल ठेवण्याची साशिकोमधली पद्धत इथेही पाळावी, नाहीतर प्रत्येक कमानीच्या टोकाशी चुणी पडते. एकात एक कमानींचा असाच एक नमुना अमेरिकेतल्या गोधड्यांवर ‘बॅप्टिस्ट फॅन’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात पंख्यासारखे चाप एकाच बाजूला झुकलेले असतात. पाण्यासाठी तो मला जरा घाईचा वाटला, पण वाऱ्याने हलणाऱ्या भातासाठी चांगला उतरेल.

दाढीसाठी विखुरलेले सुटे टाके योग्य. प्रत्येक टाका अष्टमांश इंचाचा, प्रत्येकाची दिशा वेगळी आणि एका टाक्यापासून दुसऱ्यापर्यंत दोरा भरणातून नेलेला. हात नकळत एकाच दिशेला वळू लागतो, म्हणून दहा-पंधरा टाक्यांनंतर गोधडी थोडी फिरवून घ्यावी. साशिकोमध्ये ‘कोमेझाशी’ नावाचा एक नमुना आहे. कोमे म्हणजे तांदूळ. आधी आडव्या, मग उभ्या ओळींनी अधिकाची चिन्हे तयार करून त्यांच्यामधून तिरके टाके घेतले की तांदळाच्या जपानी अक्षरासारखी आकृती उमटते. तो भरणाशिवायच्या दुहेरी कापडावर जास्त खुलतो, आणि फुगीर भरणावर त्याची सरळ रेषा डळमळते, असा माझा अनुभव आहे. पातळ साडीचे भरण असेल तरच एका खाचरात तो घ्यावा.

एक खाचर आपल्या गोधडीच्या पद्धतीने भरावे, म्हणजे कडेपासून आत आत, एकात एक चौकटी घेत. दिसायला हा सर्वांत सोपा नमुना आहे, आणि फसवा तोच. कडेकडून आत येताना प्रत्येक ओळ थोडे कापड पुढे ढकलते आणि शेवटी मध्यावर फुगा उरतो. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी समाजातल्या स्त्रिया कवंदी, म्हणजे त्यांची ठिगळांची गोधडी, शिवताना याच पद्धतीने कडेपासून मध्याकडे येतात, पण त्या वरची ठिगळे आधी जोडून घेत नाहीत; पुढे जाता जाता एकेक ठिगळ ठेवून शिवतात, त्यामुळे साचलेले कापड प्रत्येक ठिगळाच्या दुमडीत मुरते. आपले चित्र आधीच जोडलेले असल्याने ती सोय नाही. म्हणून या खाचरात कच्ची टीप इंचाइंचावर घालावी, आणि प्रत्येक फेरीनंतर तळहाताने कापड मध्याकडून बाहेर सारून घ्यावे.

डोंगरासाठी बहुतेक जण शिखराच्या रेषेला समांतर ओळी घेतात, जशा हवाई बेटांवरच्या गोधड्यांत आकृतीभोवती तरंगांसारख्या पसरत जातात. तो नमुना सुंदर आहे आणि करून पाहावाच. पण सह्याद्री लाव्हाच्या आडव्या थरांनी बनलेला आहे आणि पावसाळ्यात त्याचे काळे कडे आणि हिरवे टप्पे पायऱ्यांसारखे एकावर एक दिसतात. म्हणून मी शिखर कसेही असले तरी ओळी आडव्याच घेतल्या, मध्येच तुटणाऱ्या, कुठे पाव इंचावर तर कुठे पाऊण इंचावर. त्या तुटक आडव्या ओळींनी डोंगर ओळखीचा झाला.

दाटपणा आणि त्यातून झालेली माझी फसगत

नमुना निवडण्याआधी दाटपणा ठरवावा, असे मी आता आग्रहाने सांगते, कारण याच चित्राच्या माझ्या दुसऱ्या प्रयत्नात मी तो ठरवला नव्हता. खाचरांत पाव इंचावर आणि दाढीत त्याहून जवळ टाके घातले, आणि आभाळ मोकळे छान दिसते म्हणून तिथे दोन-दोन इंचांवर फक्त तीन ओळी काढल्या. कच्ची टीप काढून गोधडी भिंतीला लावली, तर खालचा भाग ताठ होता आणि वरची कड भाजलेल्या पापडासारखी लाटालाटांनी पुढे येत होती. टेप लावून पाहिले तेव्हा खालची रुंदी वरच्यापेक्षा पाऊण इंचाने कमी भरली. प्रत्येक टाका कापड थोडे आत घेतो. जिथे टाके जास्त तिथे कापड जास्त आटते, आणि जिथे कमी तिथले उरलेले कापड जायला जागा नसल्याने लहरते.

खालचे उसवणे मला शक्य नव्हते, म्हणून आभाळ दाट करावे लागले. राखाडी रंगाचा एकच पदर घेऊन उजवीकडून डावीकडे उतरणाऱ्या तिरप्या ओळी घातल्या, साधारण अर्ध्या इंचावर, टाके मुद्दाम असमान: एक अर्ध्या इंचाचा, पुढचा जेमतेम दाण्याएवढा. आठ ओळींनंतर कड बरीच शांत झाली आणि वीस ओळींनंतर सपाट. आभाळातून पाऊस पडू लागला तो असा. तेव्हापासून मी प्रत्येक खाचर पूर्ण झाले की रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजते. पाव इंचापर्यंतचा फरक पुढे ओले करून ताणल्यावर निघतो; त्याहून जास्त फरक दिसला की कमी दाट भागात टाके वाढवावेत. एखादी जागा मुद्दाम मोकळी हवी असेल तर ती बांधासारखी अरुंद आणि चारही बाजूंनी दाट टाक्यांनी वेढलेली असावी, कडेला उघडी पडलेली नसावी.

मशीनवर करायचे असेल तर

हेच चित्र शिलाई मशीनवर मुक्त हाताने शिवता येते. त्यासाठी कापड पुढे ढकलणारे दाते खाली करावे लागतात. ज्या जुन्या काळ्या मशीनवर ती सोय नसते तिथे टाक्याची लांबी शून्यावर आणून दात्यांवर गुळगुळीत पातळ पुठ्ठा, सुईपुरते भोक पाडून, चिकटपट्टीने बसवावा. नेहमीच्या पायाऐवजी डार्निंग फूट लावावा आणि ९० नंबरची सुई घ्यावी. सुरुवातीला सुई एकदा खालीवर करून बॉबिनचा दोरा वर ओढून घ्यावा, नाहीतर मागे त्याचे घरटे होते.

आता टाक्याची लांबी मशीनच्या वेगावर आणि हाताच्या सरकण्यावर अवलंबून राहते. मशीन वेगात आणि हात हळू असला तर टाके एकावर एक चढतात. हात घाईत असला तर लांब पडतात. वळणावर हात जोरात फिरला की मागे बॉबिनचा दोरा सरळ ताणलेला राहतो आणि वरचा दोरा त्यावर पापण्यांसारखा दिसतो. अशा वेळी ताणाचा स्क्रू पिळण्याआधी वळणावर हात सावकाश करून पाहावा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. मशीनसाठी सर्वांत शिकवणारे दोन नमुने म्हणजे एकमेकांना न छेदता फिरणारी नागमोडी रेघ आणि नदीतल्या गोट्यांसारखी वर्तुळे. दोन्ही आधी कागदावर, पेन्सिल न उचलता, पानभर काढावेत. कोपऱ्यात अडकल्यावर बाहेर कसे पडायचे हे कागदावर सुटले की मशीनवर हात थांबत नाही. गोट्यांचा नमुना फार दाट होतो, म्हणून तो ओढ्याच्या एखाद्या अरुंद पट्टीपुरताच ठेवावा.

तिरक्या उजेडात पाहणे

समोरून पडणाऱ्या प्रखर दिव्यात उठाव दिसत नाही. प्रत्येक जागा पूर्ण झाली की गोधडी भिंतीला टाचून संध्याकाळी खिडकीतून येणाऱ्या तिरक्या उजेडात, किंवा खोली अंधारी करून एका बाजूने टॉर्च धरून पाहावी. याच उजेडात काढलेले छायाचित्र कृष्णधवल करून पाहिले की रंगांची भुरळ जाते आणि कोणता नमुना खरोखर उठला, कोणता फक्त दोऱ्याच्या रंगामुळे दिसत होता, हे कळते. माझ्या लाटा रंगीत छायाचित्रात उत्तम होत्या आणि कृष्णधवल छायाचित्रात जवळजवळ नाहीशा झाल्या. पांढरा दोरा निळ्या कापडावर चमकत होता, पण कमानींमधले अंतर इतके कमी होते की फुगायला कापडच उरले नव्हते. पुढच्या वेळी मी प्रत्येक लाटेतली एक आतली कमान गाळली आणि पाणी हलू लागले.

शेवटची बांधणी

कच्ची टीप काढून, रंग सुटत नाही याची खात्री करून, गोधडी थंड पाण्यात भिजवावी म्हणजे साबणाच्या खुणा जातात. टॉवेलात दाबून पाणी काढावे. घडी घातलेल्या जाड चादरीवर ती पसरून कडा सरळ ओढत टाचण्या लावाव्यात, कोपरे गुण्याने तपासावेत आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्यावे. वाळल्यावरच कडा कापाव्यात. आधी कापल्या तर चौकोन हमखास तिरका होतो.

चित्राला चौकट नको असेल तर कडेला बाहेरून गोट लावण्याऐवजी २ इंच रुंद पट्ट्या सुलट बाजूवर ठेवून पाव इंचावर शिवाव्यात, मागे उलटवून तुरपाई करावी. समोरून कड स्वच्छ दिसते आणि पावसाच्या ओळी कडेपर्यंत जातात. मागे वरच्या बाजूला ३ इंच रुंद कापडी नळी शिवून त्यात लाकडी पट्टी घालावी. मांजरपाटावर बॉलपेनने तारीख, भरण, दोऱ्याचे पदर आणि प्रत्येक खाचरातले अंतर लिहून ठेवावे, आणि ८ इंचांचा तो पहिला चौकोनही तिथेच एका टाक्याने अडकवून द्यावा. पुढच्या चित्रात लाटांसाठी तीच वाटी घ्यायची की जरा मोठी, हे त्या नोंदीवर बोट ठेवूनच ठरवता येते.